बेभरवशाच्या शरदात रोजची सायकल

प्रश्न असा आहे: "उन्हाळाभर रोज सायकलने कामावर जात आले. एका बाजूचं अंतर नऊ किलोमीटर. गेल्या तीन आठवड्यांत हवेचा काही नेमच राहिलेला नाही. सकाळी गारठा, दुपारी चक्क ऊन, परतताना पावसाची सर. दोनदा चिंब भिजले आणि परवा पाचोळ्यावरून घसरून पडले. लागलं फार नाही, पण धीर खचला. चांगला रेनकोट आणि जाड नक्षीचे टायर घेतले तर निभेल का? की थंडी संपेपर्यंत सायकल ठेवूनच द्यावी?"

ठेवून देऊ नका. पण रेनकोट आणि टायर घ्यायला निघण्याआधी जरा थांबा. तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत: थंडी, भिजणं आणि पडणं. पहिल्या दोन त्रासाच्या आहेत, तिसरी धोक्याची. खरेदीची यादी मात्र माणूस नेहमी पहिल्या दोघींसाठी करतो. मी वीसेक वर्षं बाराही महिने सायकलने ये-जा करतोय, मधली काही वर्षं सायकली दुरुस्तही केल्या. शरदात मी जितक्यांदा पडलो, त्यात एकदाही वरून पडणाऱ्या पाण्यामुळे पडलो नाही. दर वेळी खाली काहीतरी होतं. म्हणून आधी रस्त्याबद्दल लिहितो, कपड्यांचं नंतर बघू.

पाचोळ्याची गंमत अशी की तो वरून दिसतो तसा आत नसतो. वारा आणि ऊन लागून वरचा थर कुरकुरीत होतो, आणि खालची पानं दोन-तीन दिवस ओलीच राहून कुजायला लागतात. तो थर अक्षरशः बुळबुळीत असतो. टायर त्यावर आला की रबराचा रस्त्याशी संबंध तुटतो आणि पानावरून पान सरकतं. मी स्वतः असाच पडलोय: पाऊस होऊन दोन दिवस झालेले, लख्ख ऊन, घराजवळचं रोजचं वळण, वेग चालण्यापेक्षा थोडासाच जास्त. पुढचं चाक गेलं आणि मी जमिनीवर पोचल्यावर मला कळलं की आपण पडलो. मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं, पुढचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही. तेव्हा तुमचं काही चुकलं असं मनाला लावून घेऊ नका. पण यापुढे पाचोळ्यावर तीन गोष्टी करायच्या नाहीत: ब्रेक दाबायचा नाही, हँडल वळवायचं नाही, पॅडलला जोर द्यायचा नाही. वेग आधीच, पानं नसलेल्या रस्त्यावर असताना कमी करा. मग सायकल सरळ उभी ठेवून नुसती घरंगळू द्या, आणि वळायचं ते पलीकडे गेल्यावर.

आणखी एक. पाचोळा वाऱ्याने रस्त्याच्या कडेला जमतो, आणि आपण सायकलवाले सवयीने कडेनेच जातो. खड्डा, गटाराची जाळी, फुटपाथची धार, सगळं त्याखाली झाकलं जातं. या दिवसांत कडेपासून हात-दीड हात आत येऊन चालवा. मागे वळून बघून, हाताने इशारा देऊन, एकदाच आत या आणि तिथेच राहा. दर झाडापाशी आत-बाहेर करत राहिलात तर मागून येणाऱ्याला तुमचा अंदाज येत नाही, आणि ते पाचोळ्याहून वाईट.

पानांइतकंच फसवं म्हणजे रस्त्यावर रंगवलेले पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं, पुलाचे लोखंडी सांधे, लाकडी फळ्या आणि सावलीतल्या कोपऱ्यात धरलेलं शेवाळ. कोरडे असताना हे जाणवतही नाहीत, ओले झाले की साबण. रूळ ओलांडायचे असतील तर शक्य तितके काटकोनात, आणि हँडल सरळ ठेवून. दीर्घ कोरड्या काळानंतर पहिली सर येते ती विशेष वाईट, कारण रस्त्यावर बसलेलं तेल, धूळ आणि रबराची भुकटी त्या पाण्यात कालवली जाते. जोराचा पाऊस बराच वेळ पडला की तोच रस्ता धुऊन निघतो आणि पकड सुधारते. त्यामुळे भुरभुर पावसाला मी मुसळधारेपेक्षा जास्त घाबरतो. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर तिथे तेल सांडलंय, वळसा घालून जा. आणि डबक्यातून जाऊ नका. पाणी किती खोल आहे हे ते कधी सांगत नाही.

आता टायर. जाड नक्षीचे घेऊ नका. गुळगुळीत डांबरावर किंवा काँक्रीटवर त्या नक्षीचा उपयोग जवळजवळ शून्य. मोटारीच्या टायरला खाचा लागतात त्या पाणी बाहेर काढायला, कारण तो रुंद आणि सपाट टायर वेगात पाण्याच्या थरावर चढून तरंगायला लागतो. सायकलचा टायर अरुंद, गोल आणि आत हवा ठासून भरलेला, तो पाणी चिरून खाली टेकतो. विमानांच्या टायरसाठी वापरतात असं एक ढोबळ सूत्र आहे: पीएसआयमधल्या (म्हणजे दर चौरस इंचाला किती पौंड, या मापातल्या) दाबाचं वर्गमूळ काढायचं आणि नऊने गुणायचं, म्हणजे टायर ज्या वेगाला तरंगायला लागेल तो वेग नॉटमध्ये मिळतो. 60 पीएसआयला हे उत्तर 70 नॉट, म्हणजे ताशी 130 किलोमीटरच्या घरात येतं. त्या वेगाने तुम्ही कामावर जात असाल तर माझा सल्ला घेऊ नका. उलट, उठावदार ठोकळ्यांमुळे रस्त्याला टेकणारं रबर कमी होतं आणि पॅडल मारायला जड जातं ते वेगळंच. वाटेत मातीचा, चिखलाचा तुकडा असेल तर गोष्ट निराळी, तिथे नक्षी रुतते आणि कामाला येते. नाहीतर साधा, मऊ रबराचा, फ्रेममध्ये मावेल तितका रुंद टायर घ्या आणि त्यात उन्हाळ्यापेक्षा जराशी कमी हवा ठेवा.

"जराशी कमी" म्हणताना एक लक्षात घ्या, थंडी ते काम तुमच्यासाठी आधीच करत असते. 25 अंशांच्या दुपारी 60 पीएसआय भरलेला टायर 5 अंशांच्या पहाटे 55 च्या आसपास असतो. हवा कुठे गळालेली नसते, गार झाल्याने तिचा दाब उतरलेला असतो. त्यात ट्यूबमधून हळूहळू जी झिरपते ती वेगळी. म्हणून या दिवसांत लोक "ट्यूब गेली वाटतं" म्हणून सायकल घेऊन येतात आणि ट्यूब धडधाकट निघते. आठवड्यातून एकदा, सायकल जिथे थंडीत उभी असते तिथेच हवा बघा.

पंक्चर मात्र ओल्या दिवसांत खरोखरच वाढतात. पाणी रबराला वंगणासारखं लागतं, त्यामुळे काच किंवा काटा सहज आत शिरतो. शिवाय सगळा कचरा पाण्याबरोबर वाहून कडेला येतो, म्हणजे कडेपासून आत चालवायला हे आणखी एक कारण. घरी आलात की एका जुन्या फडक्याने टायर पुसता पुसता बोटाने चाचपा. रुतलेली काच आज काढली तर ती परवा ट्यूबपर्यंत पोचत नाही. आणि पावसात ट्यूबला ठिगळ लावायच्या फंदात पडू नका, ओल्या रबरावर सोल्यूशन धरत नाही. सोबत अख्खी ट्यूबच ठेवा.

ब्रेकबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त तेच सांगायचं होतं. तुमचे ब्रेक रिमला धरणारे असतील तर पावसात दाबल्यावर पहिला क्षण काहीच होत नाही. पॅड आधी रिमवरचं पाणी पुसतात आणि मग धरतात. त्या क्षणात सायकल काही मीटर पुढे गेलेली असते. म्हणून पाऊस सुरू झाला की थांबण्याची जागा येण्याच्या बऱ्याच आधी ब्रेक अगदी हलका लावून रिम पुसून घ्यायची, मग सोडायचा, मग खरा दाबायचा. चार दिवसांत हाताला सवय होते. ब्रेक लावताना कर्र असा आवाज येत असेल तर चाक काढून पॅड बघा. त्यात वाळू आणि रिमचेच चकचकीत तुकडे रुतलेले दिसतील. ते टाचणीने टोकरून काढले नाहीत तर पॅड एका मोसमात रिम खाऊन टाकतात. डिस्क ब्रेकला पाण्याचा त्रास कमी. ओल्यात ते किंचाळतात, पण धरतात. मात्र चिखलपाण्यात त्यांचे पॅड भराभर झिजतात आणि ते आत दडलेले असल्याने दिसत नाहीत. पॅडवरचा मसाला मिलिमीटरभर उरला की बदलून टाका. आणि चेनला तेल मारताना त्याचा फवारा डिस्कवर उडू देऊ नका. एकदा तेल लागलं की पॅड बहुधा फेकावेच लागतात.

कोरड्या रस्त्यावर थांबण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो आणि तो वापरायला घाबरू नये. निसरड्यावर मात्र दोन्ही, हळुवार, आणि सायकल सरळ असताना. वळणात ब्रेक लावायची वेळ आली तर ती चूक त्या वळणातली नव्हे, त्याच्या आधीच्या दहा मीटरांतली.

पकडीनंतर उजेड. विषुवदिनाच्या आसपास दिवस सगळ्यात झपाट्याने आखडतो. 50 अंश अक्षांशावर रोज जवळजवळ चार मिनिटं, 20 अंशांवर मिनिटभर. जितकं विषुववृत्तापासून दूर, तितकी ही घसरण जास्त. म्हणजे उत्तरेकडच्या शहरात दोन आठवड्यांत तासाभराचा उजेड जातो, आणि परवापर्यंत उजेडात होणारी परतीची वाट अचानक काळोखात येते. माणसं दिवा घेतात, पण दोन आठवडे उशिरा.

पण काळोखाच्याही आधी येतो तो खाली उतरलेला सूर्य, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. या दिवसांत जाण्याच्या आणि येण्याच्या नेमक्या वेळेला तो क्षितिजालगत असतो, त्यात ओला रस्ता आरशासारखा चमकतो. मी एक साधी खूण वापरतो: आपली सावली बघायची. ती ज्याच्या दिशेला पडली आहे, त्याला आपण दिसत नाही, कारण आपल्याकडे बघताना त्याच्या डोळ्यांत सूर्य असतो. सावली पुढे पडत असेल तर समोरून येणारे, आणि चौकात वळून आपली वाट कापणारे, आंधळे आहेत असं समजा. सावली मागे असेल तर, म्हणजे ऊन आपल्याच डोळ्यांवर येत असेल तर, मागून येणारे. अशा वेळी मी भर उजेडातही मागचा दिवा लावतो, आणि पर्यायी गल्ली असेल तर दहा मिनिटं जास्त घेऊन तिथून जातो.

चमकत्या कपड्यांबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. तो भडक पिवळा-पोपटी रंग अतिनील किरणांना दृश्य प्रकाशात बदलतो, म्हणून ढगाळ दिवशी आणि संधिप्रकाशात तो उठून दिसतो. रात्री गाडीच्या दिव्यात त्याचा काहीच फायदा नाही. तिथे लागते ती प्रकाश आल्या दिशेने परत फेकणारी रुपेरी पट्टी. ती अंगापेक्षा घोट्यांना बांधा. वर-खाली होणारे दोन घोटे दिसले की चालकाला लांबूनही कळतं की हा सायकलवरचा माणूस आहे, खांबावरची पाटी नव्हे. पुढचा दिवा जमिनीकडे किंचित झुकलेला असू द्या. समोरच्याच्या डोळ्यांत घुसणारा दिवा तुम्हाला रस्ता दाखवत नाही आणि त्याला तुम्ही किती लांब आहात हेही कळू देत नाही. धुक्यात लुकलुकणारा नको, स्थिर ठेवा. आणि थंडीत बॅटरी लवकर बसते हे लक्षात ठेवून कामावर पोचल्यावर दिवा काढून आत न्या, चार्ज करा. वर्षभर हाच रस्ता असेल तर डायनॅमो हबचा, म्हणजे चाक फिरताना त्याच्या मध्यातच वीज तयार करणाऱ्या तुंब्याचा, विचार करा. 6 व्होल्ट, 3 वॅट, एवढ्यात उत्तम उजेड पडतो आणि चार्जिंगचं नाव काढावं लागत नाही.

वारा. याच्यावर उपाय नाही, समजूत आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 20 ने चालवताना समोरून 20 चा वारा आला तर तुम्ही 40 च्या हवेत आहात, आणि ती तुम्हाला चौपट जोराने ढकलते आहे. त्यात नेहमीचा वेग टिकवायचा हट्ट धरलात तर अर्ध्या वाटेत जीव निघेल. दोन गिअर खाली या, पाय नेहमीच्याच गतीने फिरू द्या, घड्याळ बघू नका. सकाळी जमिनीलगतची हवा बहुधा शांत असते, आणि दुपारी जमीन तापून वरची आणि खालची हवा मिसळली की वारा वाढतो. म्हणून परतीची वाट जड जाते. तुमची ताकद कमी झाली असं नव्हे. समोरच्या वाऱ्यापेक्षा आडवा झोत वाईट. दोन इमारतींमधली फट, कुंपण संपतं ती जागा, पूल, आणि मोठा ट्रक बाजूने जातो तेव्हा: आधी आडोसा मिळतो, मग एकदम धक्का. हात घट्ट आवळू नका, कोपर सैल ठेवा. सैलसर पोंचो वाऱ्याच्या दिवशी शिडाचं काम करतो, तो टाळा.

आता कपडे. तुमच्या तक्रारीतली खरी गोम अशी आहे की तुम्ही सकाळच्या हवेसाठी कपडे घालून निघता, आणि त्याच कपड्यांत वेगळ्याच ऋतूत परतता. त्याहून जवळचा बदल तर पहिल्या दहा मिनिटांतच होतो. पॅडलवर 100 वॅट पोचवायला शरीर 400 ते 500 वॅट खर्च करतं. उरलेली सगळी उष्णता. म्हणजे आपण एक छोटा हीटर अंगावर घेऊन निघतो, तो फक्त चालू व्हायला वेळ लावतो. दारात उभं असताना ऊबदार वाटत असेल तर तिसऱ्या किलोमीटरला घाम फुटणार, आणि तो घाम पहिल्या उतारावर किंवा सिग्नलला गार पडणार. निघताना थोडी हुडहुडी भरलीच पाहिजे. मला ही गोष्ट पटायला तीन हिवाळे लागले.

त्याच वेळी वेगाने तयार होणारा वारा विसरू नका. 5 अंशांत ताशी 20 च्या वेगाने जाताना उघड्या त्वचेला हवा 1 अंशासारखी लागते. म्हणून जाड स्वेटरपेक्षा पातळ विंडचीटर जास्त कामाचा: समोरून वारा अडवतो, तापलं की काढून मुठीएवढी घडी होते. त्याच्या आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर. सुती बनियन या दिवसांत नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि अंगावर ओलं बसतं. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब राखते.

रेनकोटबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. "पाणी आत येत नाही, वाफ बाहेर जाते" हे कापड खोटं नाही. गोअर-टेक्ससारख्या, कापडाला आतून लावलेल्या पातळ पटलांची छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब जात नाही आणि वाफ जाते. पण वाफ बाहेर जाण्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असावी लागते, आणि पाऊस पडत असताना हा फरक फार थोडा उरतो. त्यात वरचं कापड भिजून चपचपीत झालं की वाफेचा रस्ता बंद. मग तुम्ही बाहेरून नाही तर आतून भिजता. म्हणून कोट घ्यायचाच तर महागड्या पटलापेक्षा काखेत चेन आणि पाठीला झडप असलेला घ्या, हवा खेळली पाहिजे. मी स्वतः हवा 15 अंशांच्या वर असेल तर रेनकोट घालतच नाही. भिजतो आणि पोचल्यावर बदलतो. 15 च्या खाली असेल तर मात्र घालतो, कारण गार पाऊस आणि वारा एकत्र आले की शरीर भराभर थंड होतं. टोपडं डोक्यावर ओढू नका. मान वळवली तरी ते वळत नाही आणि मागचं दिसत नाही. हेल्मेटखाली पुढे झाप असलेली पातळ टोपी घाला, पाणी डोळ्यांत येत नाही.

हातांचं मात्र गांभीर्याने घ्या. गारठलेल्या बोटांनी ब्रेक वेळेवर दाबला जात नाही, म्हणजे हातमोजे ही चैनीची गोष्ट नव्हे. दोन जोड ठेवा. सकाळी भिजलेला जोड संध्याकाळपर्यंत वाळत नाही, आणि ओला मोजा घालून निघणं हे काहीच न घालण्याहून वाईट. पायमोज्यांचंही तेच. माझ्या कामाच्या जागी एका खणात पायमोजे, हातमोजे, टॉवेल आणि एक जुनी पँट कायम पडून असते. बूट भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. हीटरजवळ ठेवलेत तर चामडं तडकतं.

आणि तुम्ही चिंब भिजलात म्हणता, त्यातलं निम्मं पाणी वरून आलंच नसेल. सायकलला पूर्ण लांबीचे मडगार्ड आहेत का? नसतील तर रेनकोटआधी ते बसवा. पुढच्या मडगार्डला खाली जवळजवळ जमिनीपर्यंत येणारी रबराची पट्टी लावा. पाय आणि चेन दोन्ही वाचतात, आणि मागच्या मडगार्डमुळे तुमच्या मागून सायकल चालवणारा दुवा देतो. फक्त एक बघा: टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटभर जागा असू द्या. ओली पानं तिथे गच्च भरतात, आणि काटकी अडकली तर पुढचं चाक जागीच थांबू शकतं. धक्का बसला की आपोआप सुटणारे क्लिप मिळतात, पुढे तेच लावून घ्या.

चेनला पाऊस होऊन गेला की त्याच दिवशी फडक्याने पुसून, कोरडी करून, ओल्या हवामानासाठीचं घट्ट तेल एकेका कडीवर थेंब-थेंब द्या, आणि वरचं पुसून टाका. कडीच्या आत तेल हवं, बाहेर राहिलेलं फक्त वाळू गोळा करतं. गंज सोडवायला जो पातळ फवारा मिळतो तो पाणी हटवायला चांगला, वंगण म्हणून मात्र दोन दिवसही टिकत नाही. चेनच्या 12 पूर्ण जोड्यांची लांबी बरोबर 12 इंच असायला हवी. पट्टीवर ती एक षोडशांश इंचाने वाढलेली दिसली की चेन बदला, नाहीतर मागची चक्रं तिच्याबरोबर जातात.

हवामानाचा अंदाज बघताना पावसाच्या टक्क्यांकडे कमी आणि ढगांकडे जास्त लक्ष द्या. शरदात पाऊस साधारण दोन जातींचा. उंच, फुगलेले, काळ्या तळाचे ढग आणि मधून निळं आकाश दिसत असेल तर त्या सरी. रडारवर त्यांचे तुटक ठिपके दिसतात, आणि वीस मिनिटं उशिरा निघालात तर कोरडे पोचता. आधी गार वाऱ्याचा एक झोत आला की सर दारात आहे, थांबा. याउलट आकाशभर एकसारखी राखाडी चादर पसरून ती खाली खाली येत असेल तर ती झड. तिची वाट बघण्यात अर्थ नाही, कपडे चढवा आणि निघा. माझं भिजणं निम्म्याने कमी झालं ते कोटाने नव्हे, दारात उभं राहून वर बघण्याने.

कधी नेऊ नये, हेही सांगतो. गडगडाट ऐकू आला तर नाही, आणि शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास जाईपर्यंत नाही. वाऱ्याने फांद्या मोडून पडत असतील तर नाही. शरद संपत येतो तेव्हा पहाटे हवा 2-3 अंशांवर असली तरी रस्ता शून्याखाली गेलेला असू शकतो, आणि पूल सगळ्यात आधी गोठतात कारण त्यांना खालूनही गारठा लागतो. मोटारींच्या काचांवर गोठलेलं दहिवर दिसलं की त्या दिवशी दुसरा मार्ग. परतताना हवा बिघडली तर सायकल कुलूप लावून तिथेच राहू द्या. ती रात्रभर एकटी राहू शकते.

राहिला तुमचा खचलेला धीर. सुट्टीच्या दिवशी पाऊस पडून गेला की एखादं रिकामं, सपाट, ओलं पटांगण गाठा. चालण्याच्या वेगाने जाऊन मागचा ब्रेक मुद्दाम जोरात दाबा आणि चाक कधी सुटतं ते अंगाला कळू द्या. मग दोन्ही ब्रेक हळुवार लावून किती अंतरात थांबता ते पावलांनी मोजा. दहा-बारा वेळा करा. नंतर सायकल हातात धरून, पायी, त्या पडलेल्या वळणावर जा आणि बुटाने पाचोळा बाजूला सारून खाली काय आहे ते बघा. मी माझ्या वळणावर असं केलं तेव्हा पानांखाली एक चेंबरचं झाकण निघालं. सात वर्षं तिथून जात होतो, कधी दिसलं नव्हतं.